बिछान्यातले खडे

आजच्या भागात राजा नाही, किल्ला नाही. एक लढाई आहे, पण ती दगडांची, आणि तीही होता होता राहिली. आज आहे एक तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा बिछाना.

शहराचं नाव तुरिन. आल्प्सच्या पायथ्याशी, आजच्या इटलीच्या वायव्य कोपऱ्यात. आपण बोलतोय १८५५ च्या आसपासचं, म्हणजे इटली नावाचा एकसंध देश अजून झालेलाच नाही, त्याला १८६१ उजाडायचंय. हिवाळ्यात तिथली थंडी हाडांत शिरते. एका वसतिगृहातल्या खाटेवर हा मुलगा झोपलाय. अंगावर एक पातळ पांघरूण. आणि अंगाखाली त्यानं स्वतःच्या हातानं पसरून ठेवलेले खडे आणि लाकडाचे तुकडे.

का? तर त्याला संत व्हायचंय. संतांच्या गोष्टी त्यानं ऐकल्यात. संत उपास करतात, थंडी सोसतात, दगडावर झोपतात. मग आपणही झोपायचं. लहान मुलाचा सरळ हिशोब.

वसतिगृह चालवणाऱ्या फादरांना हे कळलं. त्यांनी शाबासकी दिली नाही. खडे काढायला लावले आणि विचारल्याशिवाय असलं काहीही करायचं नाही अशी ताकीद दिली. शनिवारी नुसत्या पाव-पाण्यावर राहायचा बेतही त्यांनी मोडून काढला.

मुलाचं नाव डॉमिनिक सॅव्हियो. फादर म्हणजे डॉन बॉस्को. हो, तेच, ज्यांच्या नावाची शाळा माटुंग्याला आहे. 'डॉन' हा इटालियन भाषेत पाद्रीबुवांच्या नावाआधी लावायचा मानाचा शब्द. आपल्या सिनेमातल्या डॉनशी त्याचा संबंध जोडू नका.

हा विषय निघाला तो वसईच्या एका श्रोत्याच्या मेसेजवरून. त्यांची मुलगी रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाते. तिथं संतांच्या गोष्टी ऐकते. सेबॅस्टियनला बाणांनी विंधलं, लॉरेन्सला शेगडीवर भाजलं. आणि घरी येऊन विचारते, "बाबा, मग मी काय करू?" बाबांना उत्तर सुचेना, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी काही धर्मोपदेशक नाही, इतिहास सांगणारा माणूस. पण गंमत अशी की डॉमिनिकनं डॉन बॉस्कोंना नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर काय मिळालं याची नोंद आहे.

आधी 'संत' या शब्दाचं बघू. आपल्याकडे संत कोण हे लोक ठरवतात. सावता माळी मळ्यात राबायचे, गोरोबा मडकी घडवायचे, लोकांनी त्यांना संत म्हटलं, विषय संपला. कॅथलिक चर्चमध्ये रीतसर चौकशी बसते. साक्षी, कागदपत्रं, चमत्कारांची तपासणी. एकेकाळी तर विरोधी बाजू मांडायला खास अधिकारी नेमलेला असायचा, त्याला गमतीनं 'सैतानाचा वकील' म्हणत. आणि या चौकशीत लहान मुलं अडकून पडायची. धर्मासाठी मूल मारलं गेलं असेल तर प्रश्न नव्हता. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत क्रुसावर मारले गेले, त्या २६ जणांत लुईस इबाराकी नावाचा जेमतेम बारा वर्षांचा पोरगा होता. १८६२ मध्ये हे सगळे एकत्र संत जाहीर झाले. पण अंथरुणात आजारानं गेलेलं मूल? त्यानं असा काय पराक्रम केला? संतपदासाठी सद्गुण 'वीराला शोभेल' इतके लागतात, आणि मुलाच्या अंगात ते कसे असणार, अशी शंका गंभीरपणे घेतली जायची.

आपल्याला हे जरा विचित्र वाटतं. ज्ञानेश्वर आणि मुक्ताबाई यांचं चित्र डोळ्यांपुढे आणलं की वयाचा प्रश्न आपल्या मनात येतच नाही. रोमला मात्र तो बराच काळ पडत होता. डॉमिनिक पंधरावा वाढदिवस पूर्ण व्हायच्या आत गेला, १८५७ मध्ये. संत जाहीर झाला १९५४ मध्ये, पोप पायस बारावे यांच्या हातून. त्या वेळी तो हौतात्म्याशिवाय संत झालेल्यांत सगळ्यात लहान होता. पुढे २०१७ मध्ये पोर्तुगालमधल्या फातिमाची दोन भावंडं, दहा वर्षांचा फ्रान्सिस्को आणि नऊ वर्षांची जासिंता, यांनी त्याला मागं टाकलं.

पण त्या शंकेखोर लोकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मुलानं करण्यासारखं मोठं काम कोणतं? याचं उत्तर तुरिनच्या एका गोंगाटी मैदानात सापडतं. तिथं पोचायला आपल्याला डॉन बॉस्कोंच्या लहानपणापासून यावं लागेल.

जोव्हान्नी बॉस्को. जन्म १६ ऑगस्ट १८१५, बेक्की नावाची चार घरांची वाडी. दोन वर्षांचा व्हायच्या आत बाप गेला. आई मार्गेरिता, लिहिता-वाचता न येणारी शेतकरीण, तिनं तीन पोरं वाढवली. नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला एक स्वप्न पडलं. पोरांचा घोळका शिव्या देत मारामारी करतोय, आणि हा त्यांना गप्प करायला ठोसे लगावतोय. मग एक तेजस्वी पुरुष येऊन सांगतो, मारून नाही, मायेनं जिंकायचं यांना. स्वप्नावर विश्वास ठेवा न ठेवा. त्यांनी ते म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवलं, एवढं मात्र खरं.

पुढचं मला जास्त आवडतं. हा पोरगा जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे आणि जादूगारांचे खेळ बघून ते घरी करून बघायचा. पडायचा, परत करायचा. दोन झाडांना दोरी बांधून तिच्यावर चालायला शिकला. मग रविवारी वाडीतली मंडळी जमवून खेळ करायचा. तिकीट काय? मध्येच सगळ्यांनी प्रार्थना म्हणायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन तो जसंच्या तसं म्हणून दाखवणार ते ऐकायचं. न ऐकता निघून गेलास तर पुढच्या वेळी प्रवेश नाही. पेड सबस्क्रिप्शनच म्हणा ना.

१८४१ मध्ये बॉस्को पाद्री झाले. त्या वेळी त्यांनी एक निश्चय केला की वागणूक फ्रान्सिस द सेल्ससारखी ठेवायची. हे सतराव्या शतकातले बिशप, सौम्यपणासाठी प्रसिद्ध. इथं एक गोष्ट टिपून ठेवा. बॉस्कोंनी स्वतः संतांकडून काय उचललं? फ्रान्सिस यांची कामगिरी किंवा त्यांचे ग्रंथ घेतले नाहीत, त्यांचा आवाज न चढवण्याचा स्वभाव घेतला. आणि बॉस्कोंच्या मूळ स्वभावाला ते सोपं नव्हतं. स्वप्नातही हात उगारणारा माणूस तो!

तेव्हाच्या तुरिनमध्ये खेड्यापाड्यांतून पोरं कामाला येत होती. गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहणारी, धुराडी साफ करणारी, फरसबंदी करणारी. आई-बाप गावी, रात्री कुठंतरी माळ्यावर झोप, रविवारी रस्त्यावर. पोट भरेना की चोरी, चोरी केली की तुरुंग. जोसेफ काफास्सो नावाच्या फादरांबरोबर बॉस्को तुरुंगात जायला लागले. तिथं १२ ते १८ वयाची धडधाकट पोरं कोंडलेली बघून ते हादरले. आणि सुटलेली पोरं थोड्याच दिवसांत परत तिथंच दिसायची, कारण बाहेर त्यांचं कुणी नव्हतं.

८ डिसेंबर १८४१. असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च. मिस्सेच्या आधी एक पोरगा कोपऱ्यात थंडीपासून आडोसा घेऊन उभा. चर्चच्या सेवकानं त्याला विचारलं, वेदीजवळ मदत करशील का? पोराला ते येत नव्हतं. सेवकानं झाडूचा दांडा घेऊन त्याला बडवलं. बॉस्को ओरडले, "तो माझा मित्र आहे, त्याला परत बोलवा!" मित्र कसला, नावही माहीत नव्हतं. नाव निघालं बार्तोलोमेओ गारेल्ली, गवंडीकाम करणारा, अनाथ, सोळा वर्षांचा. वाचता येतं? नाही. लिहिता? नाही. मग, सांगतात, फादरांनी विचारलं, शिट्टी वाजवता येते का? तेव्हा तो हसला.

त्या शिट्टीतून पुढचं सगळं सुरू झालं. पुढच्या रविवारी गारेल्ली मित्रांना घेऊन आला, मग त्यांचे मित्र. काही वर्षांत शेकडो पोरं. खेळ, गाणी, थोडं लिहिणं-वाचणं, प्रार्थना. याला त्यांनी 'ऑरेटरी' म्हटलं. हा शब्द रोमच्या फिलिप नेरी या संताकडून आलेला, सोळाव्या शतकातला, आणि तेही हसतमुख म्हणून नावाजलेले. पोरांच्या आरडाओरड्यामुळे त्यांना कुणी जागेवर टिकू देईना. एक कब्रस्तान, एक गिरणी, एक कुरण, असं करत अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्डोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक बुटकी शेड भाड्यानं मिळाली. तोवर शहरात कुजबुज होती की फादरांच्या डोक्यावर परिणाम झालाय. दोघे पाद्री तर बंद घोडागाडी घेऊन त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्यायला आले. बॉस्कोंनी ओळखलं. "आधी आपण, आपण वडील," म्हणून दोघांना आत बसवलं, धाडकन दार लावलं आणि गाडीवानाला सांगितलं, "चल, लवकर, इस्पितळात!" ही गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेलही. पण सांगताना मजा येते, तर सांगितली.

नुसतं गाणी-खेळ करून भागणार नव्हतं. बॉस्को पोरांच्या कामाच्या जागी जायला लागले, आणि मालकांशी लेखी करार करायला लागले. फेब्रुवारी १८५२ चा एक करार आजही उपलब्ध आहे, स्टॅम्पपेपरवरचा. एका बाजूला सुतार मालक, दुसऱ्या बाजूला जुझेप्पे ओदास्सो नावाचा शिकाऊ पोरगा, आणि मध्ये बॉस्को. मालकानं मुलाला फक्त शब्दांनी समजवायचं, मारायचं नाही. धंद्याशी संबंधित तेवढंच काम द्यायचं, घरगड्यासारखं राबवायचं नाही. रविवार आणि सणाचे दिवस मोकळे. दुसऱ्या एका करारात, काचकाम शिकणाऱ्या पोरासाठी, वर्षाला १५ दिवस सुट्टीसुद्धा लिहिलीय. बालमजुरीच्या कायद्यांचा जिथं पत्ता नव्हता, तिथं हे चाललंय. संतांच्या गोष्टींत चमत्कार खूप सांगतात, हा कागद मात्र कुणी सांगत नाही. मुलांना सांगायचीच असेल तर मी ही गोष्ट आधी सांगेन.

आता आईकडे वळू, कारण आईशिवाय हे चाललंच नसतं. १८४६ च्या नोव्हेंबरात मार्गेरिता आपलं शेत, नातवंडं सोडून मुलाबरोबर पायी तुरिनला आली. वय ५८. रोज डझनावारी पोरांचं शिजवायचं, फाटकं शिवायचं. शेडमागे तिनं भाजीचा वाफा केला होता. एक दिवस पोरांनी लढाई-लढाई खेळताना तो वाफा पार तुडवला. ती संध्याकाळी मुलाला म्हणाली, मला नाही जमत आता, मी घरी जाते. मुलगा काही बोलला नाही. भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केलं. तिनं बघितलं, आणि परत फाटके सदरे शिवायला बसली. हा प्रसंग बहुतेक चरित्रकार भक्तिभावानं लिहितात. मला त्यात तिचं थकणं महत्त्वाचं वाटतं. तुडवलेल्या कोथिंबिरीपायी रडकुंडीला आलेली आई कुठल्या मुलानं पाहिलेली नाही?

१८५४ मध्ये तुरिनमध्ये कॉलरा आला. लोक आजाऱ्याला घरात टाकून पळत होते. नगरपालिकेला सेवा करणारी माणसं मिळेनात. बॉस्कोंनी मोठ्या मुलांना विचारलं, आणि आधी चौदा, मग एकूण चाळीसहून जास्त मुलं तयार झाली. प्रत्येकाकडे व्हिनेगरची बाटली, आजाऱ्याला हात लावला की हात धुवायचे. बघा, त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी सूक्ष्मदर्शकाखाली कॉलऱ्याचा जंतू पाहत होते आणि लंडनमध्ये जॉन स्नो पाण्याच्या पंपामागे लागले होते, पण कॉलरा नेमका कशानं होतो हे जगानं मान्य करायला अजून बराच वेळ होता. चादरी-टॉवेल संपले तेव्हा मार्गेरितानं वेदीवरचं कापडसुद्धा दिलं. मुलांपैकी एकालाही कॉलरा झाला नाही असं सांगतात. तरीही, आज कुणी शाळकरी मुलांना अशा साथीत पाठवायचं म्हटलं तर मी पहिला विरोध करीन. सगळंच अनुकरण करण्याजोगं नसतं, हे आपण डॉन बॉस्कोंकडूनच शिकणार आहोत.

साथ ओसरता ओसरता, २९ ऑक्टोबर १८५४ ला डॉमिनिक वाल्डोक्कोत दाखल झाला. बाप लोहार, आई शिवणकाम करायची. पोरगा काटकुळा, तब्येतीनं नाजूक. शाळेसाठी लहानपणापासून रोज कित्येक किलोमीटर चालणारा.

त्याची शाळेतली एक गोष्ट आहे, मोंदोनियो गावची. थंडीचे दिवस. दोघा पोरांनी वर्गातल्या शेगडीत बर्फ आणि दगड कोंबले, आणि गुरुजी आल्यावर नाव घेतलं डॉमिनिकचं. गुरुजी भडकले. पहिली वेळ आहे म्हणून, नाहीतर शाळेतून काढलं असतं, म्हणाले, आणि त्याला वर्गाच्या मधोमध गुडघ्यांवर उभं केलं. हा गप्प. दुसऱ्या दिवशी खरं कळलं. गुरुजींनी विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, त्या मुलाचे आधीच खूप गुन्हे झालेत, त्याला काढून टाकलं असतं. मला पहिल्यांदा म्हणून माफी मिळेल असं वाटलं. आणि येशूवरही खोटा आळ आला होता, त्याची आठवण झाली.

या गोष्टीवर माझं जरा वेगळं मत आहे. खोटा आळ आला तर गप्प राहा, असं मी कुठल्याही मुलाला सांगणार नाही. आजकाल तर मुळीच नाही. मुलांनी बोललं पाहिजे. पण उत्तरातला पहिला भाग नीट ऐका. दहा-अकरा वर्षांचं पोर हिशोब करतंय की शिक्षा त्याला झाली तर किती, मला झाली तर किती. दुसऱ्याचं नुकसान मोजण्याची ही जी बुद्धी आहे, ती मुलांत असते. मोठं होताना ती बऱ्याच जणांची हरवते.

तुरिनला आल्यावरची दगडांची लढाई. दोन मुलांत घरच्यांवरून शिवीगाळ झाली आणि दगडांनी फैसला करायचं ठरलं. दगडांनी म्हणजे खरोखर, डोकी फुटेपर्यंत. डॉमिनिकनं समजावून पाहिलं, जमेना. मग त्यांच्याबरोबर मैदानात गेला, दोघांच्या मध्ये उभा राहिला, गळ्यातला छोटा क्रूस हातात धरला आणि म्हणाला, पहिला दगड मला मारा. दोघांचे हात खाली आले. नंतर त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्या दोघांनीच सांगितली, म्हणून आपल्याला माहीत.

आणि आता खड्यांकडे परत. १८५५ च्या सुरुवातीला बॉस्कोंनी एक प्रवचन दिलं. सार असं: देवाची इच्छा आहे की आपण सगळ्यांनी संत व्हावं, ते सोपं आहे, आणि होणाऱ्याला मोठं बक्षीस आहे. डॉमिनिकनं ते इतकं मनावर घेतलं की त्याचं खेळण्यावरून लक्ष उडालं. तासन्‌तास चर्चमध्ये. चेहरा ओढलेला. बॉस्कोंनी विचारलं, बरं नाही का? त्यानं सांगितलं, मला संत व्हायचंय, आणि मला कळत नाही कसं.

मंडळी, वसईच्या त्या मुलीचा प्रश्न तो हाच.

बॉस्को म्हणाले, आधी आनंदी राहा. मग अभ्यास आणि प्रार्थना, जी तुझी रोजची कामं आहेत, ती नीट कर. आणि मैदानात मित्रांबरोबर खेळायला जा, रोज. पुढे खड्यांचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा आणखी एक सांगितलं. सोसायचंच असेल तर ऊन, थंडी, वारा, पाऊस, थकवा, कुणी केलेला अपमान, हे आपोआप वाट्याला येतंच. ते कुरकुर न करता सोस. वेगळे खडे गोळा करायची गरज नाही.

तेव्हाच्या तुरिनमध्ये हे काही साधं बोलणं नव्हतं. शेकडो वर्षांच्या संतचरित्रांमध्ये शरीराला त्रास देणं हे पवित्रतेचं ठळक चिन्ह होतं. आणि एका वसतिगृहाचा फादर एका मुलाला सांगतोय की तुझं व्रत म्हणजे खेळाचा तास.

डॉमिनिकनं ते पाळलं. थोड्या दिवसांनी कामिल्लो गावियो नावाचा एक नवा मुलगा आला, चित्रकला आणि शिल्पकलेत हुशार, पण मोठ्या आजारातून उठलेला. एका बाजूला उभा राहून दुसऱ्यांचे खेळ बघत होता. डॉमिनिक त्याच्याजवळ गेला, नाव विचारलं, आजाराचं विचारलं. मग त्याला सांगितलं की इथं आम्ही आनंदी राहण्यालाच संतपणा मानतो. म्हणजे जे उत्तर त्याला मिळालं होतं, ते त्यानं पुढच्याच्या हातात दिलं. १८५६ च्या जूनमध्ये त्यानं मित्रांना घेऊन एक मंडळ काढलं. त्या मंडळाचं एक काम फार व्यवहारी होतं: वसतिगृहातली दंगेखोर किंवा एकटी पडलेली मुलं वाटून घ्यायची आणि प्रत्येकानं आपापल्या मुलाशी मैत्री करायची. ना उपदेश, ना चुगली. आज शाळाशाळांत समुपदेशक हेच घसा कोरडा करून सांगताहेत.

मुली ऐकत असतील तर त्या म्हणतील, यात सगळी पोरंच. बरोबर आहे. त्याच सुमाराला, तिकडून थोड्या अंतरावर मोर्नेसे गावात, मारिया मात्सारेल्लो नावाची एक तरुणी होती. शेतात पुरुषाच्या बरोबरीनं राबणारी. १८६० मध्ये टायफसच्या रुग्णांची सेवा करताना तिलाच तो झाला, ताकद गेली, शेतकाम सुटलं. तिनं शिवण शिकून घेतलं आणि गावातल्या मुलींना शिकवायला लागली. सुईचा प्रत्येक टाका देवावरच्या प्रेमाचा व्हावा, असं ती मुलींना सांगायची. पुढे १८७२ मध्ये बॉस्कोंबरोबर तिनं धर्मभगिनींचा संघ सुरू केला. तिच्यावर वेगळा भाग करायला हवा, करू.

डॉमिनिकचं काय झालं? खोकला वाढला. १ मार्च १८५७ ला त्याला घरी पाठवलं. डॉक्टरांनी तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे अंगातलं रक्त काढायला सुरुवात केली, चार दिवसांत दहा वेळा. मुळात अशक्त पोर. ९ मार्चला तो गेला. मार्गेरिता चारच महिने आधी गेली होती.

१८५९ मध्ये बॉस्कोंनी त्याचं छोटं चरित्र लिहून छापलं. त्याच्या सोबत्यांकडून आठवणी लिहून घेतल्या होत्या. आपल्याला डॉमिनिकबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंच या पुस्तकातून येतं, म्हणून थोडं सावध वाचायला हवं. हे एका शिक्षकानं आपल्या लाडक्या विद्यार्थ्याबद्दल, दुसऱ्या विद्यार्थ्यांना वाचायला देण्यासाठी लिहिलेलं पुस्तक आहे. त्यात काय ठेवायचं, काय गाळायचं, हे त्यांनी ठरवलं. शिवाय काही गोष्टी आज अंगावर येतात. सात वर्षांचा असताना, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी, त्यानं वहीत चार निश्चय लिहिले, त्यातला एक असा की पाप करण्यापेक्षा मरण पत्करीन. भाविक लोक हे वाक्य डोक्यावर घेतात. मला सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी मरणाचा शब्द आला की पोटात कालवतं. त्या काळी घराघरांत लहान मुलं मरत होती, मरण दाराशीच असायचं, हे मान्य. पण आज मुलांना डॉमिनिक सांगायचा तर मी त्या निश्चयाच्या कागदापाशी थांबणार नाही, कोपऱ्यात उभ्या असलेल्या गावियोपर्यंत नेईन.

चरित्र लिहिण्यामागे बॉस्कोंचा हेतूही तोच दिसतो. तोवर मुलांपुढे ठेवलेले संत म्हणजे राजपुत्र, बिशप, वाळवंटातले तपस्वी. हा लोहाराचा पोरगा, तुमच्याच बाकावर बसलेला, तुमच्याच ताटातलं जेवलेला. याला जमलं तर तुम्हाला का नाही, असं ते प्रस्तावनेतच विचारतात. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस या मुलाला संत जाहीर केलं, तेव्हा जगभरच्या बातम्यांत हीच चर्चा होती. १९९१ चा जन्म, कॉम्प्युटरवर वेबसाइट बनवणारा, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेलेला. असिसीमध्ये त्याचं शरीर ठेवलंय ते जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये. लोकांना शूजचं कौतुक वाटलं. पण शूज घातलेला संत शक्य झाला, कारण दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी खडे काढून टाकले होते.

भारतात बॉस्कोंची माणसं, म्हणजे सेलेशियन फादर, १९०६ मध्ये तंजावरला आली आणि १९२८ मध्ये मुंबईला. संघाचं नाव बघा, सेलेशियन, म्हणजे सेल्सच्या फ्रान्सिसवरून. स्वतःचं नाव बॉस्कोंनी दिलं नाही. आज त्यांच्या शाळांत आणि तांत्रिक संस्थांत सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. काही शाळांत खेळाच्या स्पर्धांसाठी 'सॅव्हियो हाउस' असतं, आणि त्यातल्या मुलांना सॅव्हियो कोण हे बहुधा माहीत नसतं. कबड्डी जिंकली म्हणजे झालं. मला वाटतं डॉन बॉस्कोंची त्याला हरकत नसती.

शेवटची गोष्ट. मे १८८४. बॉस्को रोमला होते आणि तिथून त्यांनी तुरिनला एक लांबलचक पत्र पाठवलं, सेक्रेटरीकडून लिहून घेतलेलं. पुन्हा एक स्वप्न. त्यात त्यांना वाल्डोक्कोचं मैदान दोनदा दिसलं. आधी जुन्या काळचं: कुणी पळतंय, कुणी उड्या मारतंय, एका पाद्रीभोवती पोरं गोष्ट ऐकत बसलीत, सगळीकडे हसणं. मग आत्ताचं: पोरं खांबांना टेकून उभी, चेहरे पडलेले, काही जण कोपऱ्यात कुजबुजताहेत. आणि शिक्षक? ते आपापसांत बोलत फिरताहेत, लांबून लक्ष ठेवताहेत. क्वचित कुणी ओरडतंय. खेळत कुणीच नाही.

पत्रात त्यांनी आपल्याच माणसांना बजावलं की मुलांवर तुमचं प्रेम आहे हे पुरेसं नाही, ते मुलांना कळलं पाहिजे. ते कसं कळणार? तुम्ही त्यांच्या खेळात उतरलात तर. मुलांना आवडतं ते तुम्ही आवडून घेतलंत, तर तुम्हाला हवं ते, म्हणजे अभ्यास आणि शिस्त, मुलंही आवडून घेतील.

म्हणजे तीस वर्षांपूर्वी त्यांनी डॉमिनिकला दिलेलं व्रत आता ते मोठ्यांना देत होते. हे पत्र पाठवलं तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. नजर अधू झाली होती, पाय सुजलेले असायचे. स्वतः मैदानात उतरणं किंवा दोन झाडांमधल्या दोरीवर चालणं आता त्यांना जमण्यासारखं नव्हतं.